पुलापलीकडचं औषधाचं दुकान

पुलापलीकडच्या औषधाच्या दुकानात आपल्याला कोणी ओळखणार नाही, एवढ्याचसाठी सोरा तिथवर चालत गेली होती. दार ढकलून ती आत शिरली... आणि समोर काउंटरला टेकून उजिन उभा.

दोघंही जागच्या जागी थिजली.

"तू इथे कशी?" त्याने विचारलं.

"डोकं दुखतंय. तू?"

"माझंही." पण त्याच्या हातात डोकेदुखीच्या गोळ्या नव्हत्या. गुलाबी खोकं होतं, तेही एक नाही, दोन. ज्याच्यासाठी ती आली होती, तेच.

"दोन कशाला?" सोराने हळूच विचारलं.

"एक बिघडलं तर..." त्याचे कान लाल झाले. "परवा तू कालवांचा भात सरकवून दिलास. कालवांसाठी नावाजलेल्या तोंगयोंगची मुलगी, आणि कालवं नको म्हणते. मग बोटीवर झोपलीस, माझ्या खांद्यावर, घोरत."

"मी घोरत नाही."

"बरं. इंजिन घोरत असेल."

तिला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. उजिन बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीवर खलाशी होता. ती गावातल्या दातांच्या दवाखान्यात काम करायची. गेल्या शरदात बोटीवर ओळख झाली, हिवाळाभर दोघं एकाच मफलरमध्ये धक्क्यावर हिंडली. लग्नाचं नाव मात्र कोणी काढलं नव्हतं. सोराच्या घरात तर एका मावसबहिणीचं नावच निघत नसे. लग्नाआधी तिला दिवस गेले, तेव्हापासून आईने भिंतीवरच्या फोटोतूनही तिला काढून टाकलं होतं.

औषधवाल्या बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "पाळी चुकलीय का?"

"अजून नाही. या आठवड्यात यायला हवी. छाती दुखते, पोट फुगल्यासारखं वाटतं, झोप आवरत नाही. उगाच रडू येतं."

"हे पाळीच्या आधीही होतं आणि दिवस गेले तरी होतं. नुसत्या त्रासावरून कोणालाच सांगता येत नाही, पोरी. तारीख उलटू दे, मग सकाळच्या पहिल्या लघवीवर बघ. आत्ताच बघून एकच रेघ आली, तर तिच्यावर भरवसा ठेवू नकोस."

मग वाट बघणं आलं. पोटात कळ आली की सोराला वाटे, आली बहुतेक. कळ जिरली की ती पुन्हा तारखा मोजायला बसे. दवाखान्यात लवंगेच्या तेलाची बाटली उघडली की ती खिडकीशी पळे. एक्स-रेच्या खोलीत जायचं काही ना काही कारण काढून टाळे. घरी आई समोर जेवायला बसली की ती ताटातून मान वर करत नसे. आईची नजर आपल्या पोटावरच आहे, असं तिला वाटत राही.

आणि एका दुपारी दवाखान्याच्या स्वच्छतागृहात कपड्यावर डाग दिसला. फिका, गुलाबीसर. तिने तिथूनच फोन लावला.

"उजिन... आली."

पलीकडे लांबलचक श्वास सुटला. सोरा हसली, जरा जास्तच मोठ्याने.

"सुटलो," तो म्हणाला.

"हो. सुटलो."

फोन ठेवला, आणि ती त्या अरुंद जागेत भिंतीला टेकून रडायला लागली. कशासाठी, ते तिचं तिलाही कळेना. कोणीतरी येता येता दारातून परत गेल्यासारखं वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवशी अंगावरून काहीच गेलं नाही. एरवी दुसरा दिवस तिला उभं राहू देत नसे. पाळी आली की छातीचं दुखणं थांबायचं, या वेळी ते वाढलं होतं. तारीखही केव्हाच उलटली होती. शेवटी एका सकाळी, आई बाजारात गेल्यावर, तिने उजिनने दिलेलं गुलाबी खोकं फोडलं.

दोन रेघा.

सोरा न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिली. भीती आईची होतीच... पण आता त्याहून मोठी भीती उजिनच्या फोनवरच्या त्या श्वासाची होती. किती मोकळा झाला होता तो! त्याला आता काय सांगायचं?

चार वेळा तिने त्याचा फोन घेतला नाही. पाचव्यांदा वाजला तेव्हा ती स्वतःच धक्क्याकडे निघाली होती. बारीक भुरभुर पडत होती. उजिन बोट बांधलेल्या दोराला हात घालून उभा होता. तिला पाहून त्याने दोर सोडला नाही, तसाच धरून ठेवला.

"माझं काय चुकलं, तेवढं तरी सांग," तो म्हणाला.

"तो डाग पाळीचा नव्हता. आज बघितलं... दोन रेघा आल्या."

 पाण्याचे थेंब त्याच्या पापण्यांवरून गालावर उतरले. 

"तू सुटलो म्हणालास," ती पुटपुटली.

"तू हसलीस म्हणून म्हणालो."

"मी तुझा श्वास ऐकून हसले."

"तो श्वास..." त्याने मान फिरवली. "इंजिनाच्या खोलीत एकटाच होतो. रडू दाबत होतो, वेडे. तुला नकोच असेल असं वाटलं. मग मी कोणत्या तोंडाने हवं म्हणणार?"

"मला हवंय," सोरा म्हणाली. हे तिने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "पण फार भीती वाटते."

"मलाही. तुझ्या आईची तर फारच." दोर एका हातात ठेवून त्याने दुसऱ्या ओल्या हाताने तिचा हात धरला. "तू बोल, मी शेजारी बसून शिव्या खाईन."

"आधी डॉक्टरांकडे जायला हवं. उद्या सकाळी येशील?"

"उद्या सकाळची पाळी माझी आहे," तो सवयीने बोलून गेला.

सोरा त्याच्याकडे बघत राहिली. "तुझी तरी आली."

आणि दोघं अशी हसली की रांगेतले प्रवासी वळून पाहू लागले. हसता हसता तिचे डोळे भरून आले. भीती गेली नव्हती. ती आता दोघांत वाटली गेली होती, एवढंच.

"पाळी बदलून घेतो," उजिन म्हणाला. "आणि सोरा... लग्न करशील? हे बाळामुळे नाही. हिवाळ्यापासून विचारायचं होतं, धीर होत नव्हता."

वरून कप्तान ओरडला, "उजिन, माणसं खोळंबलीत."

"करेन," ती म्हणाली. "आता दोर सोड."