पिवळ्या दारांचा ट्रक

या व्यवहारात रंगाऱ्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. मजुरी, तीही निम्मी. शेडमधली सगळी जागा अडवून बसणारा एक अवाढव्य ट्रक. आणि शेडचा गल्ला सांभाळणाऱ्या त्याच्या आत्याची बोलणी, ती मात्र पुरेपूर. शहाण्या माणसाने सरळ नाही म्हटलं असतं. रंगारी शहाणाच होता. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा... पण तेवढ्यात ट्रक चालवत आलेली ती केबिनमधून खाली उतरली.

उतरली कसली, उडीच मारली. तीही शेडच्या दारातल्या डबक्यात. चिखलाचे शिंतोडे थेट त्याच्या शर्टावर.

"अगं बाई! सॉरी हं."

"असू दे. या शर्टावर एवढा एकच रंग राहिला होता."

ती खळखळून हसली, आणि व्यवहार तिथेच बुडाला. आत बसलेल्या आत्याने ते हसणं ऐकलं आणि निम्म्या मजुरीतली आणखी निम्मी मनातल्या मनात सोडून दिली.

ट्रक तिच्या बाबांचा होता, मागे लांबलचक ट्रेलर ओढणारा. बाबांची पाठ कामातून गेल्यापासून तीच तो चालवायची. एका औषध कंपनीचं वर्षभराचं काम मिळण्यासारखं होतं, पण गंजलेली, ठिगळं दिसणारी गाडी कंपनी फाटकाच्या आत घेत नव्हती. सोमवारी सकाळी त्यांचे साहेब ट्रक बघणार होते.

"आणि नाही पसंत पडला तर?" रंगाऱ्याने विचारलं.

"काका भंगारवाल्याशी बोलून बसलेत. ट्रक जाईल भंगारात, आणि मी काकांच्या दुकानात पावत्या फाडायला."

"बजेट?"

तिने आकडा सांगितला. रंगाऱ्याने ट्रककडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढ्यात आरसे रंगवून होतील."

"मग आरसे रंगवा. साहेबांना म्हणेन, गाडी आरशातच बघा."

आता हसायची पाळी त्याची होती. मान खाजवत तो म्हणाला, "हे बघा, रंगकामात रंग मारणं सगळ्यात थोडं. घासणं, पोचे भरणं, काचा झाकणं, खरा खर्च यात असतो. तेवढं तुम्ही केलंत तर..."

"करते."

"हात सोलवटतील."

"स्टिअरिंग धरते मी. विणकाम नाही करत."

राहिला रंग. त्याचीही सोय त्याने काढली. जुन्या कामांतून उरलेले अर्धेमुर्धे डबे फळीवर होते. शाळेच्या फाटकाचा निळा, पाण्याच्या टाकीचा राखाडी, बागेतल्या झोपाळ्यांचा हिरवा. एकाच जातीचे तेवढे निवडून त्याने मोठ्या पिंपात ओतले आणि बराच वेळ ढवळले. जो रंग झाला त्याला नाव नव्हतं. ढग उतरलेल्या तळ्यासारखा काहीतरी.

"आवडला?" त्याने जरा घाबरतच विचारलं.

"फार," ती म्हणाली. "पण कमी पडला तर?"

"तर संपलं. हा रंग पुन्हा मलाही जमणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच यायची, केसांना फडकं बांधून. पॉलिश पेपर घेऊन घासायला बसली की दुपारपर्यंत तिच्या भुवया धुळीने पांढऱ्या व्हायच्या. रंगारी पोचे भरता भरता चोरून बघायचा. आत्या त्याला बघताना बघायची.

"चमक गेली की थांबायचं," त्याने शिकवलं होतं. "पत्र्यापर्यंत जायचं नाही. पत्रा उघडा पडला की आधी अस्तर, म्हणजे प्रायमर, द्यावं लागतं, आणि अस्तर रंग पितं."

भरलेला पोचा तपासायची त्याची एक रीत होती. डोळे मिटायचे आणि तळवा फिरवायचा.

"झोपलात की काय?" तिने विचारलं.

"डोळ्यांना फसवता येतं. हाताला नाही. इथे या... मिटा डोळे."

तिने मिटले. त्याने तिचा तळवा पत्र्यावर टेकवला, वर आपला ठेवला आणि हळूच सरकवला.

"लागला उंचवटा?"

"अं... नाही."

"आता?"

"नाहीच कळत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पुन्हा एकदा दाखवा ना."

उंचवटा तिला पहिल्यांदाच लागला होता. पण हे त्याला कशाला सांगायचं!

शुक्रवारी पावसाची भुरभुर लागली. ओल्या हवेत रंग मारला तर त्यावर धुरकट झाक येते, म्हणून थांबणं आलं. घासायचं राहिलं होतं फक्त तिच्या, ड्रायव्हरच्या बाजूचं दार. ती घासत होती, तो शेजारी टायरवर चहा घेऊन बसला होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि ती सांगत होती, बाबांनी तिला ट्रेलर मागे घ्यायला कसं शिकवलं ते.

"स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट जातं डावीकडे. मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, त्याच्याशी भांडू नकोस, तो कुठे जातोय ते बघ आणि त्याच्यामागे जा."

"मग?"

"मग काय... जमलं."

"असं माणसांच्या बाबतीत जमतं?"

"माणूस कुठे जातोय ते त्याला तरी ठाऊक हवं ना!"

"अगं ए!" आत्या आतून ओरडली. "दाराला खिडकी पाडतेस की काय?"

दोघांनी दचकून पाहिलं. दारावरचा रंग गेला होता, अस्तरही गेलं होतं. उघडा पत्रा लख्ख चमकत होता.

शनिवारी ऊन पडलं. उघडा पत्रा गंजायच्या आत झाकायला हवा, म्हणून रंगाऱ्याने अस्तर देऊन त्या दारापासूनच सुरुवात केली. दार तहानलेल्या माणसासारखं रंग पीत राहिलं. बाकीचं केबिन झालं, मागचं सगळं अंग झालं, आणि रविवारी दुपारी, पलीकडचं दार तेवढं राहिलेलं असताना, रंगाची बंदूक नुसतीच फुसफुसली.

त्याने पिंपात वाकून पाहिलं. मग तिने पाहिलं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"थांबवायला मी होतो. मी दाराकडे बघतच नव्हतो."

"मग कुठे बघत होतात?"

रंगारी बंदुकीचं तोंड पुसू लागला. ते स्वच्छच होतं.

ती केबिनमध्ये चढली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. काकांना फोन करायला तिने मोबाइल काढला आणि तसाच मांडीवर ठेवला. काचेतून रंगाऱ्याला तिचा चेहरा दिसत होता. एवढे दिवस धुळीनेही न उतरलेला चेहरा आता उतरला होता.

आतल्या कपाटात पिवळ्या रंगाचा एक कोरा, मोठा डबा होता. रस्त्यावरून गिऱ्हाइकाला लांबून दिसावं म्हणून शेडच्या शटरसाठी आत्याने घेऊन ठेवलेला. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कायम आत्याच्या कमरेला. त्या दिवशी मात्र ती खिळ्याला लटकत होती. आत्या जरा आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून. रंगाऱ्याने दबकत जाऊन कपाट उघडलं.

"पिवळा?" ती केबिनमधून खाली वाकून म्हणाली. "एकाच दाराला?"

"दोन्ही दारांना."

"त्या दारावर तर रंग आहे! सगळ्यात जास्त तेच प्यायलंय!"

"आता हाही पिईल. एकच दार वेगळं दिसलं तर ते ठिगळ. दोन्ही दिसली की लोक म्हणतात, ठरवून केलंय."

सोमवारी कंपनीचे साहेब ट्रकभोवती फिरले. गंज शोधला, मिळाला नाही. दारापाशी थांबले.

"पिवळी का?"

"लांबून ओळखू यावी म्हणून, साहेब," ती म्हणाली, अजिबात न अडखळता.

"बरं केलंत," म्हणत साहेबांनी सही केली.

दुपारी ट्रक शेडसमोर थांबला. तिने पुन्हा उडी मारली. डबकं वाळलं होतं, तरी रंगारी सवयीने मागे सरकला.

"मिळालं?"

"वर्षभराचं! बाबांना फोनवर सांगितलं तर बोलेचनात. नुसतं नाक ओढत होते." तिचाही आवाज ओला झाला. "तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. तुम्ही नसतात तर..."

"तर दार शाबूत राहिलं असतं."

"ते जाऊ द्या. त्या दिवशी कुठे बघत होतात, ते राहिलंय सांगायचं."

रंगाऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. डोळे मिटले. "तुझ्याकडे," तो म्हणाला. "पहिल्या शिंतोड्यापासून."

त्याच्या तळव्यावर एक खरखरीत, सोलवटलेला हात टेकला.

"चुकतंय ते माझं एकटीचंच, असं वाटत होतं मला," ती हळूच म्हणाली. "पण दोघांचंही चुकलंय ना... म्हणजे ठरवून केल्यासारखं दिसेल."

थोड्या वेळाने ती आत्यापुढे जाऊन उभी राहिली. "आत्या, पिवळ्या डब्याचे पैसे द्यायचेत. यांनी तुम्हाला न विचारता घेतला."

"न विचारता?" आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. "इतकी वर्षं किल्ली कमरेला लावते मी. काल ती खिळ्यावर काय आपल्या पायांनी चालत गेली?"

रंगारी बघतच राहिला. "म्हणजे तू झोपली नव्हतीस?"

"तू फुसफुसत कपाट उघडत होतास, झोप लागेल कुणाला! मेल्याला चोरीसुद्धा धड येत नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाली, "पैसे ठेव तुझ्याजवळ. बाबांना घेऊन ये एकदा, पिवळी दारं बघायला."

ती वाकून आत्याच्या गळ्यातच पडली. आत्या "पुरे, पुरे" म्हणत राहिली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळे मिटून, रंगाऱ्यासारखाच.

तेव्हा शेवटचा हिशोब असा. ट्रक वाचला, त्यात तिची मेहनत गेली. रंगाऱ्याची निम्मी मजुरी गेली, उरलेलीही त्याने पुढे मागितली नाही. शेडचं शटर अजून गंजलेलंच आहे. कुणी विचारलं, अहो, हे कधी रंगवणार, तर आत्या रस्त्याकडे बोट दाखवते. लांबून एक ट्रक येत असतो आणि आधी त्याची पिवळी दारं दिसतात.

"रंगवलंय की," आत्या म्हणते. "पैसे मीच भरलेत."