घरच्यांनी टाळी वाजवायची नाही

गल्लीच्या टोकाचा जुना छापखाना काही चित्रकारांनी आणि नटांनी मिळून भाड्याने घेतला होता. पुढच्या खोलीत चित्रं, मागच्या दालनात खेळ. नोकर कोणी नाही. झाडणं, खुर्च्या मांडणं, दारावर बसणं, सगळं आपलं आपण. नियम मात्र एक होता, आणि तो सगळे पाळत. घरच्यांनी टाळी वाजवायची नाही. "आपलीच पाठ आपण थोपटायची, तर बाहेरच्यांना बोलावता कशाला?" म्हातारा चित्रकार म्हणे.

तिथले दिवे सांभाळणाऱ्याला सगळे दिवेवालाच म्हणत. त्याच्या धाकट्या बहिणीने तिथे एक मुका खेळ बसवला. घरातल्यासारखं टेबल मांडून ती कपड्यांच्या घड्या घाली, वेणी घाली, चहा गाळून पिई आणि पुन्हा घड्यांना लागे. लोकांनी टाळी वाजवली की खेळ संपला. तोवर थांबायचं नाही.

"घरी इकडची काडी तिकडे करत नाहीस," दिवेवाला चिडवायचा, "आणि इथे लोक बघायला येतात."

"घरी माझ्यावर दिवा कोण सोडतं, दादा?"

शेवटच्या दुपारी चारदोन माणसं आली आणि अर्ध्यातूनच उठून गेली. मंडळातले लोक भिंतीला टेकून उभे होते, हात खिशात घालून. धाकटी घड्या घालत राहिली. घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या. शेवटी कंटाळून दिवेवाल्याने बटण दाबलं.

"चल गं, आवर."

ती मुकाट्याने त्याच्या मागोमाग घरी आली.

घरी आल्यावर ती घड्यांना बसली. आई खूश झाली. पोरगी कामाला लागली, म्हणाली. बोलत नाही म्हणजे रुसली असेल, ती खोड जुनीच. पण दिवेवाल्याचा जन्म रंगमंचापुढे गेलेला. त्याच्या लक्षात आलं, धाकटी टेबलाच्या एका बाजूला कधीच बसत नाही. वेणी घालताना कोपर असं धरते की चेहरा झाकू नये. आणि चेहरा सदा कपाटाशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे.

त्याने तिची खुर्ची फिरवली. ती उठली, खुर्ची होती तशी केली आणि बसली.

त्याने तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. शेजारच्या शिंप्याला आणलं. बिचारा ओशाळून वाजवत राहिला. धाकटीने मान वळवली नाही.

दिवेवाला छापखान्यात गेला. म्हातारा ब्रश धूत होता.

"दिवा तू बंद केलास ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "तेव्हा बसलेले उठले होते का?"

"बसलं होतंच कोण? खुर्च्या रिकाम्या होत्या."

म्हातारा ब्रश धूतच राहिला. ब्रश कधीचा स्वच्छ झाला होता.

दिवसामागून दिवस गेले. धाकटीच्या बोटांची टोकं सोलवटली. झोप अशी नाहीच, डोळा लागला तरी हात चालू. आईही आता तिला पोटाशी धरून रडे. तिचे हात घट्ट धरले की थांबत. सोडले की जिथे थांबले तिथून पुढे. दिवेवाल्याने तिच्यापुढे गुडघे टेकले.

"पुरे कर गं. माझं चुकलं म्हण, पण पुरे कर."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती. खेळात ते नव्हतं.

हळूहळू आईचं रडणं थांबलं.

एका संध्याकाळी आई चहाचं भांडं घेऊन आली. टेबल आणि कोपरा यांच्यामधून जाताना ती कमरेत वाकली, पदर आवरला आणि लगबगीने पलीकडे गेली.

"आई, वाकतेस कशाला?"

"मधे आलं की कुरकुरतात रे."

"कोण?"

आईने भांडं ठेवलं. भिंतीला पाठ लावली आणि त्याच्या बाहीला हळूच धरून ओढलं.

"तूही जरा सरक," ती कुजबुजली. "मागच्यांना दिसत नाही."

तो सरकला.