श्वास सोडा म्हणायचं राहिलं

डोक्यावर धप्पकन आवाज झाला, छताचा दिवा हलला आणि दातांच्या डॉक्टरचं टाळकंच सरकलं. पेशंटला बसायला सांगून, मास्क हनुवटीवर ओढत ती तडक वरच्या मजल्यावर गेली. तिथे योगवर्ग चालू होता.

"तुमच्या धपधपीमुळे एखाद्याचा चांगला दात उपटेन मी!"

योगशिक्षकाने तिला नीट न्याहाळलं. "खांदे कानांना टेकलेत तुमचे. दिवसभर कमरेतून वाकता ना? खुब्यातून वाका. आणि काम करताना श्वास रोखता."

"तुम्हाला काय माहीत?"

"आत्ताही रोखलाय."

भांडायला गेलेली बाई दुसऱ्या दिवशी चटई घेऊन पहिल्या रांगेत! "पाठीसाठी हं... फक्त पाठीसाठी," वहिनी घरी चिडवायची. पाठ खरंच सुधारली. जिवाची घालमेल मात्र वाढली. बरगड्यांपाशी बोट नेऊन, स्पर्श न करता, तो "इथे श्वास भरा" म्हणाला की तिचा श्वास हमखास चुकायचा. शवासनात सगळे गपगार, हिचे पाय हलतच.

"डॉक्टर, शव पाय हलवत नाही," तो पुटपुटायचा.

"मी जिवंत आहे, सर — लक्षात आलंय का तुमच्या?"

त्याचे कान लाल व्हायचे. पण मनातलं बोलेल तर शपथ!

अशातच दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. उत्तर आजच द्यायचं होतं. त्याने एकदा 'थांबा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

वर्गाआधी चटई झटकत ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मला बाहेरगावी नोकरी मिळतेय... जाईन बहुतेक."

"अच्छा... छान," तो म्हणाला. बस्स, एवढंच! तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

वर्ग सुरू झाला. "हात वर... श्वास घ्या... पूर्ण भरा..." आणि तो थांबला. नजर तिच्यावर. सगळे हात वर करून, छाती फुगवून उभे. पुढचं काही येईचना. मागच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर लालबुंद झाले आणि फस्सकन फुटले.

"अहो सर, मारता काय आम्हाला?"

शिक्षक भानावर आला. "माफ करा... विसरलो." मग सगळ्यांदेखत, तिच्याकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, नका जाऊ. तुम्ही मला हव्या आहात... म्हणजे, इथे... नाही, मलाच."

ती तेवढी अजून श्वास धरून होती. तो श्वास हळूच सुटला आणि खांदे आपोआप खाली आले.

"एवढं बोलायला अख्खा वर्ग वेठीला धरलात?"

"तुमची मोठी संधी हुकेल असं वाटलं, म्हणून आधी बोललो नाही."

"ते माझं मी बघेन. खालचा दवाखाना मला आवडतो. आणि तुम्हीही. धपधप तेवढी कमी करा!"

त्या दिवशी शवासनात तिचे पाय हलले नाहीत. तोच खोलीभर येरझाऱ्या घालत होता. शेवटी तिने एक डोळा उघडला.

"बसा हो जरा," ती म्हणाली. "मी कुठे जात नाहीये."