नोएमीची हलकी बंदूक

लाफायेत शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला, नोएमीला, सांगितलं तो मार्च महिना होता. रोग हाडात उतरलाय, डाव्या हातातली ताकद परत येणार नाही, आणि पुढचं वर्ष धरून चालू नका, असं ते म्हणाले. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ओझेम, वाटेत बंदुकीच्या दुकानापाशी थांब. मला आता हलकी बंदूक लागणार."

दुकानदाराने एक नाजूक बंदूक पुढे केली. "ही बायकांना फार आवडते."

"मग त्यांना द्या. मला बदकं मारायचीत."

तासभर ती एकेक बंदूक डोळे मिटून खांद्याला लावत होती. मग डोळे उघडायचे. नजर नळीवरून सरळ धावली नाही, की बंदूक परत! शेवटी दोन सेमी-ऑटोमॅटिक उरल्या, बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या. एक बार उडताना होणाऱ्या धुराच्या जोरावर चालणारी. तिचा धक्का सौम्य, पण आत काजळी धरते आणि तोंडाशी जड. दुसरी बार उडाल्यावर मागे बसणाऱ्या धक्क्यावरच चालणारी. आत फारसं काही नाही, चिखलात पडली तरी पाण्याने धुऊन घ्यावी. पण खांद्याला लाथ मारते. वजन जेमतेम सहा पौंड. नोएमीने तीच घेतली.

तिचा भाऊ क्लेबेर संध्याकाळी आला आणि हसत सुटला. त्याच्याकडे बापाची नऊ पौंडांची बंदूक होती. "ही बंदूक आहे की दात कोरायची काडी? खांदा उखडेल तुझा!"

"दिवसाला पन्नास बार काढणाऱ्याने जड घ्यावी," नोएमी म्हणाली. "मला तीन काढायचेत, आणि तिथवर चालत जायचंय."

'तिथवर' म्हणजे तिच्या तळ्यापर्यंत. कालव्यापासून मैलभर होडीने आणि पुढे अर्धा मैल तरंगत्या जमिनीवरून. ही जमीन म्हणजे पाण्यावर पसरलेला मुळांचा जाड थर. पाऊल टाकलं की दहा हातांवरचं देवनळाचं उंच गवत डोलतं. लग्नाआधी नोएमीने ते तळं एकटीने शोधलं होतं. तिथे तिला सगळ्या जातींची बदकं मिळाली, फक्त लांब टोकदार शेपटीच्या तलवार बदकाचा नर कधी मिळाला नाही.

उन्हाळाभर ती अंगणात पुठ्ठ्यावर नेम धरत होती. बंदुकीची खिटी, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, दाखवत मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची. "खिटी हाताने हळू बसवू नकोस. ती पूर्ण बसत नाही, मग बार उडत नाही. सोडून दे, आपटू दे!" बदकं बिचकू नयेत म्हणून खिटी हळूच बसवायची सवय आमच्याकडे सगळ्यांनाच आहे.

ऑगस्टमध्ये ती गेली. बदकांच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात उघडतो.

डिसेंबरात मी आणि क्लेबेर निघालो. तिच्या तळ्यावर तिच्या बंदुकीने एक तलवार बदक मिळवायचं, बस्स! क्लेबेरची बायको ओदिल आम्हाला मोठ्या बोटीने कालव्यापर्यंत घेऊन आली आणि तिथेच थांबली. "गंबोचा रस्सा चुलीवर ठेवते," ती म्हणाली. "अडकलात तर तीन बार काढा, सारख्या अंतराने."

"अडकायला मी काय पाहुणा आहे?" क्लेबेर म्हणाला.

अरुंद होडीत बसून आम्ही काठीने रेटत निघालो. उत्तरेचा वारा सुटला होता. असा वारा आमच्या दलदलीतलं पाणी समुद्राकडे लोटतो. तासाभरात पाणी गुडघ्याचं घोट्यावर आलं, आणि होडी चिखलात बसली! ओढली, ढकलली, शिव्या दिल्या. हलेना! तिथेच सोडली, काठी हातात घेतली आणि तळ्यापर्यंत पायीच निघालो.

क्लेबेर पुढे होता. काडतुसांची पिशवी त्याच्या खांद्यावर, फोन त्याच्या खिशात, हातात नऊ पौंडांचं लोखंड. माझ्या खिशात तीनच काडतुसं होती, नोएमीने बाजूला काढून ठेवलेली.

"इकडून ये," तो म्हणाला. "इथे—"

आणि तो दिसेनासा झाला!

पायाखालचा मुळांचा थर फाटला होता. पाण्यातून आधी एक हात वर आला, मग डोकं. मी नोएमीची बंदूक पाठीला टाकली, पोटावर आडवा झालो आणि लांब काठी त्याच्यापुढे सरकवली. माझ्याखालची जमीन वाकली. थंड पाणी कोपरापर्यंत आलं.

"बंदूक सोड!" मी ओरडलो.

"बापाची आहे!"

"बाप वर बसलाय, त्याला जाऊन सांगायचंय का? सोड!"

त्याने सोडली. पिशवीही गेली. मी ओढलं. तो निसटला. पुन्हा ओढलं. पालथा, चिखलाने माखलेला क्लेबेर एकदाचा वर आला.

वाऱ्यात तो कुडकुडू लागला. ओठ निळे पडले. फोन मेला होता. चहूबाजूंनी दोन पुरुष उंचीचे देवनळ, कालवा कुठल्या दिशेला तेही कळेना. तीन बारांशिवाय दुसरा उपाय नव्हता. मी काडतुसं भरू लागलो.

तेवढ्यात ती आली! उत्तरेकडून सहा तलवार बदकं, लांब माना ताणलेली, पुढे पांढऱ्या छातीचा नर. वारा कापत ती खाली उतरली, आणि समोरच्या पाण्यावर त्यांनी पंख थांबवले.

"मार!" क्लेबेर दात वाजवत कुजबुजला. "मी गारठलोय, मेलो नाही."

एक बार त्या नरावर, मग ओदिलला ऐकू जायला दोनच राहणार. हे मला ठाऊक होतं. तरी मी खिटी हाताने धरून, आवाज न करता, हळूच बसवली. बंदूक खांद्याला लावली. नळी आपसूक बदकाच्या थोडी पुढे गेली, अगदी नोएमी नेम धरायची तशी. चाप ओढला.

टक्!

बार झालाच नाही. बदकं उसळून वर गेली.

"काडी मोडली वाटतं," क्लेबेर म्हणाला, पण त्याचे शब्द आता जड येत होते. ते ऐकून मी भानावर आलो. मी काय करायला निघालो होतो! खिटी मागे ओढली, बाहेर पडलेलं काडतूस परत भरलं आणि खिटी सोडून दिली. ती खाडकन बसली. नळी आभाळाकडे केली.

धाड! मनात पाच मोजले. धाड! पाच मोजले. धाड! तिन्ही वेळा खांद्याला सणसणीत लाथ बसली, आणि एकही बार अडला नाही!

बराच वेळ नुसता वारा. मग डावीकडून बोटीचा भोंगा, लांब आणि रागावलेला. मी क्लेबेरची बगल धरली आणि आवाजाच्या दिशेने चालू लागलो. वाटेत तीनदा पडलो. पाठीवरची बंदूक मला जाणवलीसुद्धा नाही. नऊ पौंडांची असती, तर मी एक तर ती टाकली असती, नाहीतर त्याला.

ओदिलने त्याचे कपडे ओरबाडून काढले, घोंगडीत गुंडाळलं आणि गरम गंबोचा वाडगा हातात कोंबला. "पाहुणा आला बघा!" ती म्हणाली आणि मग रडली.

वाडगा रिकामा झाल्यावर क्लेबेरने बंदूक मागून घेतली, मांडीवर आडवी धरली. "बरोबर निवडली होती पोरीने," तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांत तिलाच कळलं."

"डोळे मिटून निवडली," मी म्हणालो.

बंदूक मी धुतली, तेल दिलं आणि दाराजवळ तिच्या खुंटीला टांगली. हंगाम जानेवारीत संपतो. तलवार बदक अजून मिळवायचं राहिलंय.