दुसऱ्या खणातले तास

कामावर त्याला सगळे पान्या म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची ही त्याची नोकरी, आणि हातात मावणारी जुनी खेळयंत्रं उघडायची हा नाद. बंद पडलेली वस्तू दिसली की याचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. तसं त्याच्याकडे नवं यंत्रही होतं, दहा हजार खेळ भरलेलं. पण त्या यादीत अंगठा खालीवर फिरवता फिरवता एकही खेळ न खेळता तो झोपी जायचा. जुन्या यंत्रात एकच खेळ असतो, म्हणून माणूस तो खेळतो, असं त्याचं मत होतं. ते तो कुणी न विचारताही सांगायचा.

एका रविवारी कपाट आवरताना आईने त्याच्या लहानपणचं यंत्र समोर आणून ठेवलं.

"दादाचं आणि तुझं. बघ चालतंय का."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घरातून गेला तो गेलाच. ना फोन, ना चिठ्ठी. वडील वारले तेव्हाही आला नाही. आई एरवी त्याचं नाव काढत नसे, पण जिन्यात पाऊल वाजलं की तिच्या हातातला घास थांबायचा.

यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. खिडकीकडे तिरकं धरलं तरच काही दिसायचं. खेळ साधा होता: एक छोटा वाटसरू, गावं, नदी, गुहा. खेळ साठवायला तीन खण. पहिला त्याचा, सात तास. दुसरा दादाचा, एकसष्ट तास. तिसरा रिकामा. एकमेकांच्या खणाला हात लावायचा नाही, हा दोघांमधला कायदा होता. अकराव्या वर्षी याचा वाटसरू कंदिलाशिवाय गुहेत अडकला, याची घाबरगुंडी उडाली आणि खेळ तिथेच सुटला. दादा चिडवायचा, "मी काढू का तुला बाहेर?" हा हट्टाने नाही म्हणायचा.

काहीही उघडण्याआधी फोटो काढायचा, ही पान्याची शिस्त. म्हणूनच पुढच्या रविवारी त्याच्या लक्षात आलं. दादाच्या खणात चौसष्ट तास झाले होते.

आईला विचारलं तर म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय?" तेही खरंच. संधिवाताने तिचे अंगठे वाकत नव्हते. त्याने खेळाची कॅसेट उघडली. आतल्या बटणाएवढ्या बॅटरीवर खेळाची आठवण टिकते. तिला मीटर लावला. शून्य. म्हणजे सगळं केव्हाच पुसलं जायला हवं होतं. त्याने यंत्र दुकानातल्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केलं आणि आठ दिवसांनी काढलं. अडुसष्ट.

हे त्याने आईला सांगितलं. तिथे तो चुकला.

आईने यंत्र हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आहे तो. कुठेतरी बसून खेळतोय." त्या दिवशी ती पोटभर जेवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी चष्मा लावून खिडकीशी यायची, आकडा स्वतः वाचायची.

पान्याला मात्र चैन पडेना. मेलेली बॅटरी कधीतरी पाझरणार, आतलं सगळं खाणार. आणि खरं सांगायचं तर, कारण न कळलेली गोष्ट घरात ठेवणं त्याला जमत नव्हतं. त्याने नसती उठाठेव केली. यंत्र चालू ठेवून, श्वास रोखून, जुनी बॅटरी काढली आणि नवी बसवली. खेळ शाबूत राहिला.

तास मात्र थांबले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. जुनी बॅटरी परत बसवून पाहिली. काही नाही. आई आकडा वाचायची आणि ताटावरून अर्धवट उठायची.

शेवटी तोच जेवणाच्या सुट्टीत दादाच्या खणात खेळू लागला. रोज अर्धा तास. थांबताना वाटसरूला न चुकता गावातल्या पुलावर उभा करायचा. कायदा मोडल्याची लाज वाटायची, पण आई पुन्हा जेवू लागली होती.

एका रविवारी दुपारी त्याची नजर सहज पहिल्या खणावर गेली. अकरा तास.

त्याने जुना फोटो काढून पाहिला. सातच होते.

त्याने स्वतःचा खण उघडला. गुहा नव्हती. वाटसरू नदीकाठी लख्ख उन्हात उभा होता, हातात कंदील.

त्याला रडू फुटलं. दादाने त्याला बाहेर काढलं होतं.

मग त्याने दादाचा खण उघडला. पूल नव्हता. पडदा काळा होता. त्याने यंत्र उजेडाकडे तिरकं केलं. तरी काळाच. ती जागा त्याला अकराव्या वर्षापासून पाठ होती.

टक. वाटसरू भिंतीवर आपटला की व्हायचा, तो आवाज.

टक. थोडं थांबून दुसऱ्या बाजूला, टक.

आई दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता.

"चालतोय ना तो?"

"चालतोय," तो म्हणाला.

यंत्र त्याने केव्हाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं होतं.