आळशाचा बांध

खाडीकाठी शेजारी शेजारी दोन बांध. चिखल तोच, उंची तीच. तरी २०५१च्या वादळात शर्वाणीच्या आईचा बांध फुटला आणि बाबीकाकांचा शाबूत राहिला! बारा वर्षांच्या शर्वाणीला हे कोडे काही सुटेना. आई दर शिमग्यानंतर बांधापुढची कांदळे (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडे) तोडून जागा लख्ख करायची. बाबीकाका मात्र गावातले एक नंबरचे आळशी. त्यांनी जन्मात कोयता उचलला नव्हता, त्यामुळे त्यांच्या बांधापुढे कांदळे माजली होती.

खारे पाणी शिरून आईची भाताची रोपे करपली. बांध पुन्हा फुटला तर खायचे काय, ही शर्वाणीला चिंता पडली. आई नवा बांध घालायला निघाली, ती कांदळांचे नवे कोंब छाटायला कोयता घेऊनच.

खाडीत लाटा मोजणारा एक यंत्रमानव होता. दिसायला खेकडा, म्हणून गाव त्याला चिंबोरी म्हणे. शर्वाणीने त्यालाच गाठले.

"परात आण, आणि जुना खराटा," तो म्हणाला.

परातीत त्याने चिखलाचा बांध घातला. अर्ध्या बांधापुढे खराट्याच्या काड्या दाट रोवल्या, अर्धा मोकळा ठेवला. मग पाणी ओतून नांगीने लाटा उठवल्या. मोकळा भाग विरघळला. काड्यांमागचा जेमतेम भिजला.

"लाटेत ऊर्जा (ढकलण्याची ताकद) असते. खोडामुळांना घासताना ती खर्च होते, आणि बांधाशी पोचते ती दमलेली लाट. मुळांत गाळही अडकतो. पण एकदोन झाडांनी भागत नाही, रुंद पट्टा लागतो. फार मोठ्या वादळापुढे तोही अपुरा पडतो."

शर्वाणी परात घेऊन धावत सुटली. "आये, तोडू नको!"

परातीतला प्रयोग पाहून आईने कोयता खाली ठेवला. "म्हणजे मियाच माझो बांध उघडो केलंय?"

"वैनी, वीस वर्सां तुमी माका नावां ठेवलात!" बांधावर पाय पसरून बसलेले बाबीकाका हसले.

"ठेवलंय," आई म्हणाली. "आता तुमच्या कांदळाच्या शेंगा माका व्हयेत."

काका चक्क उठले! झाडावरच कोंब फुटलेल्या लांब शेंगा तिघांनी मिळून चिखलात खोचल्या. पट्टा दाट व्हायला दहा वर्षे लागतील, असे चिंबोरीने सांगितले. शर्वाणीला त्याचे काहीच वाटले नाही. तिला फार आनंद झाला होता.

संध्याकाळी आई दोन पावले मागे सरली.

"काय गचाळ दिसता गो आपलो बांध!" ती समाधानाने म्हणाली.