साक्षीदाराचे ओठ

दुपारचं साधं काम होतं. जुन्या फिल्म जपणाऱ्या आमच्या संस्थेच्या पुस्तिकेसाठी मला दोन मूकपटांची तुलना लिहायची होती. दोन्हींत दागिन्यांची चोरी, दोन्हींत कोर्ट, आणि दोन्हींत आरोपीचा जिवलग मित्रच साक्षीदार. नटही एकच. पहिल्यात तो खरं बोलतो आणि आरोपी सुटतो. दुसऱ्यात तो उलटतो आणि आरोपी फासावर जातो. पण दुसऱ्या चित्रपटातल्या संवादांच्या पाट्या नष्ट झाल्या होत्या, म्हणून मी ताईला सोबत नेलं. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते.

खरं तर मला घरी बसवत नव्हतं. संस्थेतले फिल्मचे काही डबे चोरीला गेले होते, संशय माझ्यावर होता आणि दुसऱ्या दिवशी चौकशी होती. सगळी भिस्त स्टोअरकीपरवर. आमची जुनी दोस्ती. "अरे, त्या संध्याकाळी तू माझ्याबरोबर होतास, हे मीच सांगणार. निवांत झोप," असं तो म्हणाला होता.

मी पडदे ओढले. खराब होत चाललेल्या फिल्मचा आंबूस वास खोलीभर पसरला. यंत्राची खरखर सुरू झाली. पहिला चित्रपट बघताना ताई खुदकन हसली.

"तो वकील म्हणतोय, आटपा लवकर, भूक लागलीय!"

दुसऱ्यात तोच साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला. ताईचं हसू मावळलं. तिला ओठ दिसावेत म्हणून मी यंत्राच्या उजेडात तोंड धरून विचारलं, "काय म्हणतोय?"

"किल्ली... याच्याकडेच असायची. डबे नेताना मी... डोळ्यांनी पाहिलं."

"दागिन्यांचे डबे?"

"फिल्मचे." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "अरे... तो तुझं नाव घेतोय."

मी यंत्र बंद केलं.

"उद्या मी येणार," ताई म्हणाली. "मला त्या स्टोअरकीपरचं तोंड बघायचंय."

चौकशीच्या खोलीत ती त्याच्या अगदी समोर बसली. तो उभा राहिला. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता.

"किल्ली याच्याकडेच असायची. डबे नेताना मी डोळ्यांनी पाहिलं."

शब्दाला शब्द तोच. ज्याच्या मुलीच्या लग्नात मी घरचा माणूस म्हणून राबलो, त्याने माझा केसाने गळा कापला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि मला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. ताईने माझा चेहरा आपल्याकडे वळवला.

"असं काय झालं रे आत?"

"तू समोरच होतीस ना ताई? त्याचं बोलणं वाचलं नाहीस?"

तिने मागे वळून त्या बंद दाराकडे पाहिलं.

"काय वाचणार?" ती हळूच म्हणाली. "तो तर ओठ घट्ट मिटून उभा होता... शेवटपर्यंत."